वलगावच्या कुंपणावर वाळलेलं जाकीट

मी एक जाकीट बोलतोय. थंडीचं नव्हे, गोळ्या अडवणारं. छातीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'प्रेस' लिहिलंय. मला घालणारी रागिणी मूळची अमरावतीजवळच्या वलगावची. आता ती नैरोबीत राहते आणि आसपासच्या देशांतल्या लढायांच्या बातम्या देते.

माझ्या पोटात टणक फळ्या आणि चिवट कापडाचे थर आहेत. वजन दहा किलो, त्यामुळे लाड कुणी करत नाही. घालताना रागिणी शिव्या देते, उतरवल्यावर मात्र हळूच थोपटते. माणसांचं असंच असतं. एकदा एका बाजारात स्फोट झाला आणि लोखंडाचा तुकडा माझ्या खांद्यात रुतला. तिला खरचटलंसुद्धा नाही. घरी मात्र फोनवर तिचं एकच पालुपद, "ऑफिसातच बसून राहा लागते, माय."

भावाच्या, म्हणजे शुभमच्या लग्नाला ती थेट कामावरून निघाली, म्हणून बॅगेतून मीही आलो. घर फुलशेतीवाल्यांचं. तिथला रिवाज असा की परगावाहून कुणी आलं की आधी त्याचे कपडे धुवायला काढायचे, मग चहा. तिच्या आईने, सत्यभामाबाईंनी, बॅग उघडली आणि मला दोन्ही हातांनी ओढून काढलं.

"हे काय व्हय वो?"

"जाकीट आहे, माय. याले पाणी नको लागू देऊ. भिजलं की कामातून गेलं."

"कावून लागते तुले हे?"

"नेम असते. सगळ्यायलेच घाला लागते."

बाईंचा अंगठा माझ्या खांद्यावरच्या भोकात गेला. रागिणीने मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. शुभमने हळदीच्या अंगाने मला घालून फोटो काढले. सगळे हसले, बाई तेवढ्या आत निघून गेल्या.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी रागिणी मावशीला पोचवायला अकोल्याला गेली. मोरीपाशी हळदीच्या कपड्यांचा ढीग पडला होता. सत्यभामाबाई स्टुलावर चढल्या, मला कपाटातून खाली ओढलं, सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं आणि मोगरीने बडव बडव बडवलं. मी लढाया पाहिल्यात, पण असा मार कधी खाल्ला नव्हता. मग भर उन्हात मला कुंपणावर टाकलं.

संध्याकाळी रागिणी परतली ती अंगणातच थांबली.

"माय! तुले सांगितलं होतं ना मी?"

"हळदीच्या कपड्यायत आलं. ध्यान नाही राहिलं."

हे खोटं होतं, आणि रागिणीलाही ते कळलं. ती रागाने काही बोलणार, तेवढ्यात तिला आईचे हात दिसले. सोड्याने बोटं लालेलाल झाली होती.

"आता जाता येत नसन न तुले?" बाईंनी विचारलं.

"ऑफिस दुसरं देते, माय."

"लगेच?"

"गेल्या गेल्या."

बाई मोरीच्या दगडावर बसल्या. पदराने हात पुसत राहिल्या, कोरडे झाले तरी. मला माझं काही वाटलं नाही, त्यांच्यासाठी मात्र फार वाईट वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मंग गळ्यापर्यंत येणारं मागजो. याच्यात गळा उघडा पडते."

रागिणी ठरल्या दिवशी गेली. मी इथे फुलांच्या रिकाम्या क्रेटांमागे पडलोय. कुणाला वाचवायच्या लायकीचा मी आता राहिलो नाही. तेव्हा माझी जागा घेणाऱ्या नव्या जाकिटा, भावा, तुला माझं एवढंच सांगणं. रागिणी घाईत बाजूचे पट्टे ढिले सोडते. तू टोच, काच, वाटेल तेवढ्या शिव्या खा, पण तिच्या अंगावरून हलू नकोस. इथे तिच्या आईने तुला पाहिलेलं नाही. तरी सांजेला देवापुढे दिवा लावताना ती लेकीचं नावसुद्धा घेत नाही. हात जोडून एवढंच म्हणते, "देवा, त्या जाकिटाले सांभाळ."