चिंचेखालची हरळी

मित्रांनो, मी हरळी आहे. शेतकरी माझं नाव शिवीसारखं घेतो. नांगरानं तोडलं तरी मी पेरापेरातून पुन्हा उठते, म्हणून मला वेचून बांधावर जाळतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण निजामाच्या अमलात, हळ्ळीखेडच्या एका घरात, एका आईनं मला रानातून पदरात घालून आणलं.

तिचं नाव पार्वतम्मा. तिची लहानगी नीलव्वा तापात गेली होती. घर लिंगायतांचं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. नीलव्वाला परसातल्या चिंचेखाली बसवलं होतं. उन्हाळा लागला आणि घरची दोन कुत्री गारव्यासाठी नेमकी तीच मऊ माती उकरू लागली. आईचा जीव थाऱ्यावर राहीना.

"वर फरशी टाकू," तिचा नवरा रेवणसिद्धप्पा म्हणाला.

"लेकराच्या डोक्यावर दगड नगं," ती म्हणाली. "हरळी लावू. हरळी माती सोडत न्हाई."

चिंचेच्या गर्द सावलीत मी खुरटले. तेव्हा तिनं उगवतीच्या फांद्या छाटून घेतल्या, सकाळचं ऊन आत आणलं, लेंडीखत घातलं. कुत्र्यांना विहिरीजवळ ओल्या वाळूची जागा करून दिली, तशी ती तिकडे निजू लागली. कडेनं मी पसरले, पण नीलव्वाच्या जागेवर काही टिकेना. तिथं माती उघडीच राही.

भर दुपारी ती कुत्री वाळूतून उठत, त्या उघड्या मातीकडे बघत आणि शेपूट हलवत. तिथं कुणीच नसे. मी कडेलाच होते ना, मला दिसलं असतं. मला फार भीती वाटे.

पार्वतम्मानं कुत्र्यांवर आळ घेतला आणि त्यांना बांधून घातलं. तरी माती उघडीच. मग एका सकाळी ती शेणाची पाटी घेऊन परसात आली आणि जागीच थांबली. तिचे सासरे अमृतप्पा रोजच्यासारखे नातीजवळ बसले होते. नजर मातीवर होती आणि हात मला उपटत होते. मांडीवर माझ्या मुळ्यांचा ढीग पडला होता.

"मामा, तुमीच काढायलाव व्हय?"

म्हाताऱ्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. जन्मभर तुरीच्या रानात हरळी दिसली की उपटायची, एवढंच त्या हातांना ठाऊक. "मला कळलंच न्हाई गं पोरी," ते म्हणाले आणि तिथंच रडले. तिनं कुत्र्यांचे दोर सोडले.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. मुलूख पेटला. लोक निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडे निघाले. अमृतप्पा म्हणाले, "नात हितं हाय. मी कुठं जाऊ?" कुत्रीही त्यांच्याजवळ राहिली. पार्वतम्मा नवऱ्याबरोबर मागं वळून बघत गेली.

आणि मित्रांनो, त्यानंतरच्या दुपारी माझ्या अंगावरून कुणी चालू लागलं. लहान पावलं, अगदी हलकी. चिंचेखालून निघायची, परसदाराशी थांबायची, बराच वेळ थांबायची आणि परत यायची. रोज.

पावसाळा सरता सरता गावात शांतता झाली आणि पार्वतम्मा परतली. लेकीची माती आता हिरवळीनं झाकली होती.

"मी न्हाई उपटली," अमृतप्पा म्हणाले. "हात मांडीखाली घेऊन बसायलो."

पण त्या हिरवळीतून दारापर्यंत एक वाट पडली होती, पोराच्या पावलाएवढी रुंद.

"कुत्र्यांनी पाडली असंल," रेवणसिद्धप्पा म्हणाला. "हरळी लावून बुजवू."

"कुत्री तिथून जात न्हाईत," म्हातारा हळूच म्हणाला. "बाजूला सरतेत."

दुपार झाली तशी पार्वतम्मा परसदाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. पावलं आली आणि तिच्या पायांशी थांबली. ती त्या दिवशी परत गेली नाहीत. दिवस कलला तरी ती बाई तिथून उठली नाही. मांडीवर कुणी निजलं असावं तशी ती हळूहळू झुलत होती.

मित्रांनो, सावलीतल्या अंगणात हिरवळ हवी असेल तर तिला थोडं ऊन द्या आणि मुक्या जनावरांना निजायला त्यांची जागा द्या. एवढ्यानं मी कुठंही वाढेन. मला तर नांगर अडवू शकत नाही. पण त्या परसातल्या त्या वाटेवर मी आजवर एक पेरही टाकलेलं नाही. तुम्हीही ती बुजवू नका. लेकराला आईकडे जायला ती लागते.