जळक्या पंख्यांवर लावलेली पैज

"उसने घेतलेत गं, चोरले नाहीत!"

"उसनी आणलेली वस्तू विकतं का कुणी? शेजारणीची शिडी आणून ठेवलीत, ती पण विकून या उद्या!"

मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. पंखे दुरुस्तीचं त्याचं दुकान म्हणजे काडेपेटीच. त्यात तो, बायको आणि छताला टेकलेला जळक्या पंख्यांचा ढीग. गिऱ्हाईक आलं की दोघांतल्या एकाने बाहेर उभं राहायचं. म्हणून तर शेजारचा गाळा घ्यायला दोघांनी पाच वर्षं पोटाला चिमटा काढून लाख रुपये जमवले होते. ते लाख तीन आठवड्यांपूर्वी शेअरवाल्याकडे अनामत म्हणून गेले, आणि बायकोला हे कळलं आत्ता, जेवणाचा डबा उघडता उघडता.

"नीट ऐक. शेअरवाल्याने मला या पंखा कंपनीचे हजार शेअर उसने दिले. मी ते दोनशेच्या भावाने विकून टाकले. भाव शंभरावर आला की तेवढेच परत विकत घ्यायचे आणि त्याचे त्याला देऊन टाकायचे. मधले लाख आपले!"

"आणि चढला तर?"

"चढतोय कसला!" त्याने ढिगाला लाथ घातली. एक पातं निखळून पायाशी पडलं. "गेल्या वर्षी यांचे महिन्याला दहा यायचे, आता रोज दहा येतात. कॉइल केसाएवढी, बेअरिंग खेळण्यातलं. ही कंपनी आतून बघितलेला माणूस मीच. ही नाही बुडणार तर कोण बुडणार?"

तेवढ्यात बायकोचा भाऊ धापा टाकत दारात आला. शेअरवाल्याच्या ऑफिसात हाच नोकरीला, आणि दाजींच्या डोक्यात हा किडा सोडणाराही हाच.

"दाजी, फोन का उचलत नाही? भाव दोनशे सत्तर झालाय!"

"दोनशे सत्तर?" मेकॅनिक ढिगाला टेकला.

"अनामत कमी पडतेय, तीन वाजेपर्यंत आणखी पन्नास हजार भरा. नाहीतर ऑफिस मिळेल त्या भावाने शेअर घेऊन टाकेल, तुमच्या पैशातून."

"मला म्हणालास की यात धोका नाही!"

"मी म्हणालो धोका कमी. भाव पडून पडून शून्यापर्यंत पडेल दाजी, त्याच्या खाली जागाच नाही. वर मात्र आभाळ मोकळं. त्यात तुमच्यासारखे शहाणे बरेच निघाले. सगळे घाबरून परत घ्यायला पळतायत, म्हणून आणखी चढतोय."

"पण मुळात चढला कशाने?"

"विक्री दुप्पट झाली म्हणे."

"हा कचरा घेतं कोण?"

बायको उठली आणि ढिगातल्या पंख्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या उलटायला लागली. प्रत्येक चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि खरेदीची तारीख ती स्वतः लिहायची.

"हा दोन महिन्यांचा. हा चार. हा तर मागच्या महिन्यातला. सगळे यंदाचे."

"तेच तर सांगतोय, टिकत नाहीत!"

"अहो, रोज दहा जळतायत, मग विकले किती जात असतील? आपल्याकडे जळका तेवढाच येतो. चालणारा पंखा दाखवायला कोण येणारे? आणि तुम्ही दुरुस्तीचे तीनशे सांगितले की निम्मे लोक हा इथेच टाकून नवा आणतात. कुठला आणतात?"

"सगळ्यात स्वस्त," मेकॅनिक हळूच म्हणाला. मग ढिगाकडे बघून, "हाच."

घड्याळात पावणेतीन. त्याची नजर बायकोच्या सोन्याच्या बांगड्यांवर गेली. तिने दोन्ही हात डब्यामागे नेले.

"आठवडाभर थांबलो तर पडेल का रे?"

"पडेलही," मेहुणा म्हणाला. "त्याआधी तुम्ही पडला नाहीत तर."

मेकॅनिकने निखळलेलं पातं उचलून ढिगावर फेकलं. "घे विकत. संपव एकदाचं."

मेहुण्याने तिथूनच फोन लावला. भाव लागला दोनशे शहात्तर. शहात्तर हजार गेले, उसन्या शेअरचं भाडं आणि दलाली मिळून आणखी हजार. लाखातले राहिले तेवीस. मेहुण्याच्या ऑफिसची दलाली मात्र विकतानाही सुखरूप आणि घेतानाही. तो घाम पुसत बाहेर सटकला. बाहेर शेजारच्या गाळ्याचं शटर तसंच बंद होतं.

फोन वाजला. पलीकडच्या रस्त्यावरचं कुठलंसं ऑफिस. चाळीस नवे पंखे बसवलेत, नऊ बंद पडलेत, लगेच येता का?

"कुठल्या कंपनीचे?" असं विचारून मेकॅनिकने उत्तराची वाट न बघताच पिशवी भरायला घेतली.

"नऊ आणून ठेवणार कुठे?" बायको म्हणाली. "माझ्या डोक्यावर? जेवून तरी जा."

"आल्यावर. ती शेजारणीची शिडी दे इकडे. अगं दे, विकत नाही! मला आता निघायला हवं."