बरोबरीचं इंजेक्शन

नवं इंजेक्शन मिळालं तर पृथ्वीराजचे दोन फायदे होते. वडलांचा पाय वाचणार आणि मंगळवार पेठेशी बरोबरी होणार. पहिला फायदा जुन्या इंजेक्शननंही होतच होता, म्हणून त्याचं सगळं लक्ष दुसऱ्यावर.

वडील ज्ञानू, फुटबॉलच्या मैदानापासून मंगळवार पेठेशी चुरस असलेल्या शिवाजी पेठेतले. रोज दुधाच्या कट्ट्यावर म्हशीखाली उकिडवं बसून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढायचे. म्हशीनं पायावर पाय दिला, साखर आधीपासून होतीच, जखम चिघळली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मंगळवार पेठेतला गुंडू, त्याच्याही पायात पू. पण त्याला पुण्याहून मागवलेलं नवं इंजेक्शन, डॅप्टोमायसिन, आणि ज्ञानूंना पॉलिमिक्सिन, पृथ्वीराजच्या जन्माआधीपासून चालत आलेलं. गुंडूचे पावणे येता-जाता त्याच्या सलाइनकडं बोट दाखवत.

पृथ्वीराज डॉक्टर संघप्रियांकडं गेला. "म्हंजे मंगळवार पेठेला नवं, आन आमास्नी जुनं?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, जंतूचं आवरण फोडणारी. पण ज्ञानूंच्या जंतूला बाहेरून आणखी एक कवच असतं, तिथं नवं पोचतच नाही. जुनं पोचतं, फक्त मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते. "किल्ली नवी का जुनी ते बघत नाहीत, पृथ्वीराज. कुलपाला लागते का बघतात."

हे पृथ्वीराजला पटलं, पण कट्ट्यावर सांगण्यासारखं नव्हतं.

नव्या इंजेक्शनसाठी पेठेनं वर्गणी काढली. ज्ञानू म्हणाले, "आरं, मला बरं वाटायलंय की. कशाला हलवतूस?" त्यांना हलवलं. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार प्रश्न विचारले नाहीत. जुनं बंद केलं, नवं लावलं. निम्मी पेठ सलाइन बघून गेली. पाय कुणी बघितला नाही, त्यावर चादर होती.

आठवड्यानं ताप चढला. चादर काढली तेव्हा नडगी काळी पडली होती. संघप्रियांकडं परत आणलं. त्यांनी शस्त्रक्रियेच्या कागदावर पृथ्वीराजची सही घेतली. गुडघ्याखाली काही ठेवता आलं नाही.

जमाखर्च असा. गुंडू आपल्या पायांनी घरी गेला. पेठेची वर्गणी पुढच्या फुटबॉलच्या मोसमात भरून निघाली. पृथ्वीराजला बरोबरी मिळाली. उकिडवं बसणं तेवढं ज्ञानूंचं गेलं.