आजीच्या पोटातली एकतीस वर्षं

"काकू, मला काहीच दिसत नाहीये!" आजीच्या पोटातून पुतणी ओरडली.

आजी म्हणजे आमच्या नाट्यमंडळाची बारा फुटी बाहुली. वेताचा सांगाडा, कागदाच्या लगद्याचं डोकं आणि वरून मी शिवलेला जांभळा झगा. सांगाडा पाठीला बांधून एक माणूस आत उभा राहतो आणि झग्याच्या दोन बटणांमधल्या फटीतून बघत चालतो. दरवर्षीच्या मिरवणुकीत गेली एकतीस वर्षं तो माणूस म्हणजे आमचे हे. यंदा मणक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की पाठीवर आता साधी पिशवीसुद्धा घ्यायची नाही.

"दिसणार कसं?" हे म्हणाले. चेहरा गंभीर, पण गडी मनातून खूश झालाय हे मला कळत होतं. "फट माझ्या डोळ्यांच्या उंचीला आहे. ही माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. नीघ पोरी बाहेर. अर्धा तास राहिलाय. यंदा मीच जातो."

"आणि डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टरांना मिरवणुकीतलं काय कळतं?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर यांनी पुतणीला सांगाडा चढवून गच्चीवर चालायला शिकवलं, पण झगा एकदाही घालू दिला नव्हता. मळेल म्हणे! फटीचं यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साठी उलटली तरी लबाडी काही सुटली नाही.

खरं तर मला भडकायला हवं होतं, पण भडकता येईना. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" कोपऱ्याकोपऱ्यावर नाटकं करतो, हे ऐकून त्यांनी हातातला कप खाली ठेवला होता. बरं, त्या नाटकांतही यांना कामं मिळायची ती झाडाची, नाहीतर दाराची. उंची ताडमाड आणि आवाज मात्र तिसऱ्या रांगेच्या पलीकडे जायचा नाही. मग मंडळाने आजी बनवली. तिला बोलायचं नव्हतं, नुसतं चालायचं होतं, आणि एवढा उंच माणूस मंडळात दुसरा नव्हता. त्या दिवशी यांना आपलं काम सापडलं. पुढे शाळाशाळांतून मुलांना मुखवटे करायला शिकवायची बोलावणी आली, मोठ्या बाहुल्यांची कामं आली आणि त्यावरच आमचा संसार झाला.

झग्याच्या झालरीमुळे यांना फटीतून माणसं फक्त कमरेखालची दिसत. घरी आल्यावर पाय शेकत बसले की सांगायचे, "तो उसवलेल्या बुटांचा म्हातारा यंदा दिसला नाही गं," किंवा "त्या लाल चपलांच्या बाईला मूल झालं बघ. शेजारी एवढेसे बूट होते." अर्ध्या गावाची खबरबात यांना अशी पायांवरून कळायची.

मी शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. यांनी माझा हात धरला.

"अगं, राहू दे ना. एकच वर्ष. शेवटचं."

असा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. पण भर रस्त्यात हा माणूस त्या ओझ्याखाली कोसळला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मी हात सोडवून घेतला आणि खालच्या दोन बटणांमधलं कापड कापलं. आतून जाळी लावली, चार टाके घातले.

"काकू, दिसतंय! तुझे पाय दिसतायत!"

"वरची जुनी फट शिवून टाकू का?" मी यांना विचारलं.

"असू दे. वारा येतो आत." मग जरा वेळाने हे वाकले आणि झग्याच्या आत हात घालून पुतणीला म्हणाले, "डावा पट्टा एक घर आवळ. चढावर ओझं डावीकडे येतं. हे तुला सांगायचं राहिलं होतं."

मिरवणूक निघाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच फुटपाथवर शेजारी शेजारी उभे राहून ती बघत होतो. आजी वळणावर दिसली आणि हे एक पाऊल पुढे सरकले. ती चालते कशी, हे यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पोरीच्या चालीत जरा ठुमका होता. मुलं टाळ्या पिटत होती. यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि दुसरीकडे बघितलं.

आमच्या शेजारी एक गृहस्थ छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "यंदा आजीची चाल बदलली हो. मी लहान असल्यापासून बघतोय. काय रुबाबात यायची! आत कोण असायचं, काही कल्पना?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "अहो, हेच तर..." म्हणेपर्यंत यांनी माझं मनगट दाबलं.

"आत?" हे म्हणाले. "आत कोण असणार? आजीच आहे ती."

"बघा बाबा, मी सांगत होते ना!" खांद्यावरची मुलगी म्हणाली.

आजी पुढे गेली आणि गर्दी तिच्यामागे निघाली. हे फुटपाथवरून उतरले आणि सगळ्यांच्या मागून चालू लागले. पाठीवर काहीच नव्हतं, तरी पाऊल तसंच पडत होतं, सावकाश, जपून. मीही त्यांच्या बरोबरीने चालत राहिले.