मामाचा किल्ला

एलिझबार जन्माने जॉर्जियन सरदार, पण फौज इराणच्या शहाची चालवायचा. या खेपेला हुकूम होता मामाचाच किल्ला घेण्याचा, आणि त्याचा स्वतःचा मुलगा शहाकडे ओलीस. तोफा रोखल्या होत्या, तेवढ्यात म्हातारा मामा एकटाच चालत आला.

"काय रे, आम्हाला मारायला आलास?"

एलिझबार पुढे झाला. "मामा, पाया पडतो, किल्ला सोडा. नाहीतर शहा माझ्या पोराचे डोळे काढील."

"भित्रा झालास," मामा म्हणाला. "डोंगराची वाट मोकळी ठेव, जातो आम्ही."

सगळे निसटल्यावर फौजेसोबत आलेला शहाचा कारभारी गुरगुरला, "माणसं सोडलीस?"

"हुकूम किल्ल्याचा होता," एलिझबार कसाबसा म्हणाला.

मुलाची खुशाली कळेपर्यंत त्याला अन्न गोड लागलं नाही.