लव्हाळ्याची गाठ

"सुई नाही ना?" खुर्चीत मान मागे टाकून सिल्व्हानोने विचारलं.

"सुई नाही, सुरी नाही. नुसता उजेड," त्याच्या कपाळावर थंडगार जेल चोपडत डॉक्टर हेन्शॉ म्हणाल्या. "तेवढं हलू नका."

"साठ वर्षं उसात उजेडच खाल्ला, बाई. अजून वाढा!"

लोरेटा हसली. मांडीवरची सात महिन्यांची मात्तेआ आईचं बघून हसली. उसाच्या इंगम गावाहून टाऊन्सव्हिल शहरात यायच्या दीड तासात लोरेटाने मनाशी शंभरदा म्हणून घेतलं होतं, की आज 'स्वच्छ आहे' हा एकच शब्द ऐकायचा आणि बापाला घरी न्यायचं.

पाच महिन्यांपूर्वी याच उजेडाच्या यंत्राने उन्हाने कातडीच्या आत काय बिघडवलंय ते दाखवलं होतं, कॅन्सरची सुरुवात. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. चार आठवडे, दिवसातून दोनदा. आग होईल, सालपटं निघतील, घाबरायचं नाही. लोरेटा रोज संध्याकाळी बाळाला छातीशी धरून, फोन खांद्याशी दाबून विचारायची, "पप्पा, लावलं?"

"लावलं गं, लावलं. तुझी आई बरी होती, एकदाच विचारायची."

आणि खरंच, खपल्या पडून कपाळ कसं गुळगुळीत झालं होतं.

पडद्यावर काळंपांढरं चित्र आलं. जुन्या डागांच्या जागी कातडीच्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या नीट बसल्या होत्या. "छान," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी यंत्र डागांच्या मधल्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर सरकवलं. पोळं विसकटलं. आणखी सरकवलं, तिथेही तेच.

"इथे मलम लावलंत?"

"इथे काय लावायचं? इथे काही नव्हतंच! डाग दिसला तिथे टिपका ठेवला." तो लेकीकडे वळला. "अख्ख्या रानावर कुणी फवारा मारतं का? तण दिसेल तिथेच मारायचा."

"पप्पा, पूर्ण कपाळाला सांगितलं होतं."

"औषध वाया घालवू?"

लोरेटाने रोज विचारलं होतं, लावलं का. कुठे लावलं, ते एकदाही नाही.

यंत्र कानापुढे आलं, तसं चित्र नुसतंच करडं झालं. "याच्या खालचं यंत्राला दिसत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या, आणि त्यांची बोटं कानाखाली मानेवर उतरून थांबली. "ही गाठ कधीपासून?"

"दाढी करताना लागते. साखर कारखान्याचा यंदाच्या हंगामाचा भोंगा झाला, तेव्हापासून."

"मी रोज येईन," लोरेटा घाईने म्हणाली. "माझ्या हाताने लावीन, सगळ्या कपाळाला."

"लावूच. पण ही गाठ आता मलमाच्या हातातली नाही. उद्याच मोठ्या इस्पितळात जा. मी फोन करते." फोन उचलताना त्यांनी लोरेटाकडे पाहिलं नाही.

सिल्व्हानोने मात्र पडद्यावरची नजर काढली नव्हती. "लव्हाळा," तो म्हणाला. "वरून उपटला की रान स्वच्छ दिसतं. गाठी खालीच राहतात. बापाने थोबाडीत मारून शिकवलं होतं मला. बघ, विसरलो."

"गप्प बसा ना, पप्पा."

"बसतो."

परतीच्या वाटेवर त्याने कोपर खिडकीबाहेर काढलं, नेहमीसारखं. आत घ्या म्हणायच्या ऐवजी लोरेटाने गाडीचा वेग थोडा कमी केला. दोन्हीकडून ऊस मागे पळत होता, अर्धा तुटलेला.

मागच्या सीटवर मात्तेआ कुरकुरली. ऊन तिच्या पावलांवर आलं होतं. सिल्व्हानोने पायाशी पडलेली रुंद काठाची टोपी उचलली. गेल्या नाताळात लोरेटाने दिलेली, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेली. मागे वळून त्याने ती नातीच्या पावलांवर ठेवली आणि ती सरकू नये म्हणून मान तशीच वळवून, एका हाताने टोपी धरून बसला.

"दुखेल, पप्पा."

"दुखू दे. तू समोर बघून चालव."