वैद्यनाथला न दिसलेला ठोसा

मित्रांनो, चारशे माणसांसमोर माझे पोट फाडले गेले. त्या संध्याकाळचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मी एक जुना बॉक्सिंग ग्लोव्ह आहे, डाव्या हाताचा. तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टै गावी एका शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो.

माझा जन्म जालंधरचा. वर तांबडे कातडे, आत घोड्याच्या केसांची दाट गादी. १९८१ साली माझ्या उजव्या भावासोबत मी वासुदेवरावांकडे आलो. तरुणपणी ते पलटणीतले नामांकित बॉक्सर होते. घरात बोलणे जुन्या तंजावरी मराठीत, उंबऱ्याबाहेर तमिळमध्ये. भातगिरणीमागच्या शेडमध्ये ते बॉक्सिंग शिकवीत. त्यांचा पट्टशिष्य म्हणजे त्यांचा सख्खा भाचा चंद्रमौली. तो कुंभकोणमला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता.

पहिल्या दिवशी वासुदेवरावांनी मला स्वतःच्या हातात घातले. त्यांच्या काळचे कसब पायांत होते. ठोसा आला की एक पाऊल मागे, आणि पुढे येताना सरळ डावा हात. चंद्रमौली पाऊल मागे घेतच नसे. खांदा चार बोटे वळवी आणि समोरच्याचा ठोसा त्याच्या कानाजवळून निघून जाई. माझ्या आत त्याची मूठ सैल असे, ती फक्त लागायच्या क्षणी वळे. वासुदेवराव दोऱ्याला विड्याचे पान टांगीत आणि त्यावर ठोसे मारायला लावीत. पान फिरले पाहिजे, फाटता कामा नये. चंद्रमौली एका पानावर पंधरवडा काढी. शेवटी ते वाळून गळे.

एकदा त्याने विचारले, "मामा, तुमच्या पलटणींत असा कोण्ही होता कां?"

"नव्हता रे," वासुदेवराव म्हणाले. "मी पण नव्हतों."

ते ऐकून मी केवढा फुगलो होतो!

पण मित्रांनो, कसबाचे कौतुक करताना माझ्याकडे कोणी पाहिले नाही. आमच्याकडे पाऊस ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास कोसळतो. घामाने भिजलेल्या आम्हा दोघांना तसेच पत्र्याच्या पेटीत कोंबले जाई. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आतले केस कुजून एका बाजूला गोळा झाले. बोटांच्या हाडांपुढे नुसते कातडे उरले. वरून मी पूर्वीसारखाच गुबगुबीत दिसत होतो.

१९८६ च्या मे महिन्यात कावेरीकाठच्या मैदानात तंजावरच्या वैद्यनाथशी चंद्रमौलीची लढत ठरली. त्या दिवशी सकाळी वासुदेवरावांनी मला तेल लावायला घेतले. त्यांचा अंगठा कातड्यावरून फिरला आणि एका जागी खोल गेला. ते थबकले. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले. आयोजकांकडे दुसरी जोडी मागितली असती तर मिळाली असती. पण चंद्रमौलीचा हात माझ्यातच रुळलेला होता, आणि भाच्याचे कसब साऱ्या गावाने पाहावे ही त्यांची फार दिवसांची हौस होती.

"आजचा एक दिवस," ते पुटपुटले आणि त्यांनी मला पिशवीत टाकले.

दुसऱ्या फेरीपर्यंत वैद्यनाथचा एकही ठोसा चंद्रमौलीला लागला नाही. लोक ओरडायचे विसरून नुसते पाहत राहिले. मग चंद्रमौलीने खांदा वळवला आणि मी पुढे झेपावलो. ठोसा हलकाच होता. तरीही हाडावर हाड आदळल्याचा आवाज आला. वैद्यनाथ गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोळ्यातून रक्त आले. मी त्या रक्ताने भिजलो.

"ग्लोव्हमध्ये कांही लपवलंय!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

पंचांनी चाकू मागवला आणि माझी शिवण उसवून आत हात घातला. लपवलेले काहीच सापडले नाही. बाहेर आला तो कुजक्या केसांचा एक गोळा.

"पुढची गादी काढून टाकलीस तू?" पंचांनी विचारले.

चंद्रमौलीने मामाकडे पाहिले. वासुदेवरावांनी मान खाली घातली. तेव्हा त्याला सारे कळले, आणि तो पंचांना एक शब्दही बोलला नाही. त्याला लबाड ठरवून स्पर्धांतून बाहेर काढण्यात आले. मला ओरडावेसे वाटत होते. पण मला तोंड कुठे?

अकरा दिवसांनी बातमी आली की वैद्यनाथचा उजवा डोळा गेला. ती ऐकताच वासुदेवरावांनी मला फडक्यात गुंडाळले आणि पहिल्या बसने तंजावरचे इस्पितळ गाठले. वैद्यनाथच्या खाटेपाशी त्याची आई शिवकामी बसली होती.

"भाच्याचा दोष नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "गादी गेलेली आहे हे मला सकाळीच कळलं होतं. कळूनही मी तोच ग्लोव्ह दिला."

शिवकामी उभी राहिली. "अकरा दिवस कुठे होता तुम्ही?"

वैद्यनाथने भिंतीकडे तोंड फिरवले. तिथून वासुदेवराव थेट पंचांकडे गेले, आणि चंद्रमौलीवरची बंदी उठली. पण त्याने पुन्हा ग्लोव्ह चढवला नाही. मामाची सेवा त्याने शेवटपर्यंत केली, पण त्या दिवसाबद्दल दोघे कधी बोलले नाहीत. १९९१ मध्ये वासुदेवराव गेले. शेडमध्ये दुकानातली जुनी भांडी येऊन पडली आणि त्यांच्यावर धूळ साचत गेली.

मग १९९४ साली एका दुपारी वैद्यनाथ शेडच्या दारात उभा राहिला. चंद्रमौलीच्या हातातली परात खाली पडली.

"घाबरू नका अण्णा," वैद्यनाथ म्हणाला. "मी आता तंजावरला मुलांना शिकवतो. परवा त्यांनी विचारलं, जुने नवे सगळे धरून सगळ्यांत कसबी बॉक्सर कोण पाहिला? मी तुमचं नाव सांगितलं. पोरं सुन्न झाली."

"माझं नाव?" चंद्रमौली म्हणाला. "मी तुमचा डोळा..."

"डोळा ग्लोव्हने नेला. तो ठोसा मात्र तुमचा होता. आठ वर्षं मी आठवून पाहतोय, तो कुठून आला ते मला कळलंच नाही. दाखवाल का? मुलांना शिकवायचाय."

चंद्रमौलीने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. तो वैद्यनाथच्या समोरून सरकून त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला आला.

"इकडून करतो," तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला दिसेल."

खांदा वळला आणि उघडा तळवा वैद्यनाथच्या गालापाशी येऊन थांबला. वैद्यनाथ मोठ्याने म्हणाला, "पुन्हा!"

मित्रांनो, तुमच्याकडच्या वस्तू वाळवून ठेवा, वापरण्याआधी तपासा. आणि दोष दिसला तर गप्प राहू नका. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.